गांजा-अनुकूल पर्यटक निवास (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

गांजा-अनुकूल पर्यटक निवास म्हणजे ज्या हॉटेलात, अतिथिगृहात, भाड्याच्या घरात किंवा तंबूच्या तळावर मालकाच्या स्पष्ट अनुमतीने प्रौढ पाहुण्यांना गांजाचे सेवन करता येते, अशी निवासाची जागा होय. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१४ नंतर उदयास आला. गांजाची किरकोळ विक्री खुली करणाऱ्या राज्यांनी सार्वजनिक जागी त्याचे सेवन करण्यावर मात्र बंदी कायम ठेवली. बहुतेक हॉटेलांतही धूम्रपानास मनाई होती. त्यामुळे बाहेरगावाहून आलेल्या पर्यटकास गांजा विकत घेता येई, परंतु तो सेवन करण्यासाठी कायदेशीर जागा मिळत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी असे निवास सुरू झाले. मोटारीने अनेक राज्यांतून प्रवास करणाऱ्यांच्या दृष्टीने हा विषय विशेष गुंतागुंतीचा आहे, कारण राज्याची सीमा ओलांडताच लागू असलेला कायदा बदलतो आणि संघीय कायदा सर्वत्र कायम राहतो.

संज्ञा

अशा निवासांच्या जाहिरातींत ‘४२० फ्रेंडली’ ही संज्ञा सर्रास आढळते. तिचा उगम कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील एका माध्यमिक शाळेत १९७१ मध्ये झाला. तेथील काही विद्यार्थी दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी शाळेच्या आवारातील लुई पाश्चरच्या पुतळ्याजवळ जमत असत. ही वेळ त्यांच्यात गांजाचा सांकेतिक शब्द बनली आणि पुढे जगभर पसरली. भारतात ‘चारसोबीस’ या शब्दाला फसवणुकीचा अर्थ आहे. तो भारतीय दंड संहितेच्या ४२० व्या कलमावरून आलेला असून त्याचा या संज्ञेशी काहीही संबंध नाही.

‘बड अँड ब्रेकफस्ट’ ही दुसरी प्रचलित संज्ञा आहे. मुक्काम व न्याहारी देणाऱ्या घरगुती अतिथिगृहांना इंग्रजीत ‘बेड अँड ब्रेकफस्ट’ म्हणतात. त्यातील ‘बेड’च्या जागी गांजाच्या कळीसाठी वापरला जाणारा ‘बड’ हा शब्द घालून ही कोटी केलेली आहे.

मराठीत गांजा, भांग आणि चरस हे तीन शब्द एकाच वनस्पतीच्या वेगवेगळ्या उत्पादनांसाठी वापरले जातात. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग आणि झाडाची राळ म्हणजे चरस. अमेरिकी कायद्यांत हा भेद अशा रीतीने केलेला नाही. प्रस्तुत लेखात ‘गांजा’ हा शब्द या वनस्पतीच्या सर्व मादक उत्पादनांसाठी व्यापक अर्थाने योजला आहे.

पार्श्वभूमी

१९७० च्या नियंत्रित पदार्थ अधिनियमाने गांजाला पहिल्या, म्हणजे सर्वांत कठोर, अनुसूचीत स्थान दिले. हा कायदा संघीय असल्याने संपूर्ण देशास लागू होतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने सार्वमताद्वारे वैद्यकीय वापरास अनुमती दिली. तेव्हापासून राज्याचा कायदा आणि संघीय कायदा यांच्यातील विसंगती सुरू झाली. ‘गोन्झालेस विरुद्ध रेच’ या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, राज्याने अनुमती दिली असली तरी संघीय शासनास बंदी अमलात आणण्याचा अधिकार आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये कॉलोराडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी २१ वर्षांवरील प्रौढांच्या वैद्यकेतर वापरास मान्यता दिली. १ जानेवारी २०१४ रोजी कॉलोराडोत किरकोळ विक्री सुरू झाली. त्यानंतर ओरेगन, अलास्का, नेव्हाडा, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, इलिनॉय, ॲरिझोना, न्यू यॉर्क आदी राज्यांनी तोच मार्ग अनुसरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोच्या मतदारांनी कौल दिल्यावर अशा राज्यांची संख्या २४ झाली.

संघीय न्याय विभागाने ऑगस्ट २०१३ मध्ये एक मार्गदर्शक ज्ञापन काढून, राज्याचे नियम पाळणाऱ्या व्यवसायांविरुद्धच्या कारवाईस प्राधान्य न देण्याचे धोरण जाहीर केले. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी ते मागे घेतले. मे २०२४ मध्ये गांजाला पहिल्या अनुसूचीतून तिसऱ्या अनुसूचीत हलविण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला. अनुसूची बदलणे म्हणजे मनोरंजनासाठीचा वापर संघीय कायद्याने वैध करणे नव्हे.

हॉटेलांच्या नकाराची कारणे

गांजाची विक्री वैध असलेल्या राज्यांतही बहुसंख्य हॉटेले आपल्या आवारात त्याच्या सेवनास मनाई करतात. त्यामागे पुढील कारणे आहेत.

संघीय फौजदारी कायदा: बंदी असलेल्या पदार्थाच्या वापरासाठी जाणीवपूर्वक जागा उपलब्ध करून देणे हा संघीय कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे. कारवाई क्वचित होत असली तरी हॉटेलमालक, बँका आणि विमा कंपन्या ही जोखीम विचारात घेतात.

धूम्रपानविरोधी कायदे: अनेक राज्यांत बंदिस्त जागेतील धूम्रपानावर कडक निर्बंध आहेत. कॉलोराडोत पूर्वी हॉटेलांना एक चतुर्थांश खोल्या धूम्रपानासाठी राखून ठेवता येत. २०१९ मधील दुरुस्तीने ही सवलत काढून घेण्यात आली. कॅलिफोर्नियात अशा खोल्यांची कमाल मर्यादा एकूण खोल्यांच्या २० टक्के आहे.

इतर परवाने: मद्यविक्रीचा किंवा जुगारगृहाचा परवाना असलेल्या हॉटेलास तो गमावण्याची भीती असते. लास व्हेगासमधील मोठी हॉटेले कॅसिनोंवर अवलंबून असल्याने तेथे हे कारण निर्णायक ठरते.

मालकी हक्क: गांजा वैध करणाऱ्या कायद्यांनी जागेच्या मालकाचा मनाई करण्याचा हक्क अबाधित ठेवला आहे. खोलीत धूर आढळल्यास हॉटेले पाहुण्याकडून सफाईशुल्क म्हणून मोठी रक्कम वसूल करतात.

निवासाचे प्रकार

गांजा-अनुकूल निवास हा एकसारखा वर्ग नाही. अनुमतीचे स्वरूप जागेगणिक बदलते.

अतिथिगृहे: हा सर्वांत आधीचा प्रकार आहे. डेन्व्हरमधील ‘ॲडॅजिओ’ या जुन्या वाड्यात २०१४ मध्ये सुरू झालेले ‘बड अँड ब्रेकफस्ट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

हॉटेले: काही हॉटेले केवळ अंगणात, गच्चीत किंवा सज्ज्यात सेवनास अनुमती देतात, तर काही एखादा मजला त्यासाठी राखून ठेवतात. लास व्हेगासमध्ये २०२३ साली सुरू झालेल्या ‘द लेक्सी’ या हॉटेलाने कॅसिनो न ठेवता चौथा मजला अशा पाहुण्यांसाठी राखला होता.

भाड्याची घरे: अल्पकालीन भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांत घरमालकाने ठरविलेले नियम लागू होतात. मालकाने संमती दिली तरी इमारतीच्या गृहसंस्थेचा किंवा शहराचा नियम आड येऊ शकतो.

तळ आणि शेतघरे: खाजगी मालकीच्या तंबूतळांवर मोकळ्या जागेत अनुमती देणे तुलनेने सोपे असते. उत्तर कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट, मेंडोसिनो व ट्रिनिटी हे तीन परगणे गांजाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध असून ‘एमराल्ड ट्रायँगल’ म्हणून ओळखले जातात. शेतास भेट, उत्पादनाची माहिती आणि मुक्काम असे द्राक्षमळ्यांच्या पर्यटनाशी साम्य असणारे स्वरूप तेथे विकसित झाले आहे.

सेवनगृहे: ही निवासाची जागा नसून केवळ सेवनासाठी परवाना दिलेली जागा असते. निवासात मनाई असलेल्या पर्यटकास ती पर्याय ठरते. काही राज्यांत फिरत्या बसगाड्यांनाही असा परवाना मिळतो.

‘गांजा-अनुकूल’ या शब्दाला कोणतीही प्रमाणित व्याख्या नाही. एखाद्या जागेत धूर करण्यास अनुमती असते, दुसरीत केवळ बाष्पयंत्र चालते, तर तिसरीत फक्त खाद्यपदार्थ बाळगण्यास हरकत नसते. त्यामुळे केवळ जाहिरातीतील शब्दावरून अनुमतीची व्याप्ती समजत नाही. ती मालकाच्या लेखी नियमांवरूनच ठरते.

राज्यनिहाय स्थिती

कॉलोराडो: २१ वर्षांवरील व्यक्तीस २०२१ पासून २ औंस (सुमारे ५६ ग्रॅम) गांजा बाळगता येतो. आरंभी परराज्यातील ग्राहकांना एका वेळी केवळ पाव औंस मिळत असे. २०१६ मध्ये हा भेद रद्द झाला. सेवनगृहांच्या परवान्यांची तरतूद करणारा कायदा २०१९ मध्ये संमत होऊन २०२० पासून अमलात आला. मात्र तो लागू करावा की नाही, हे प्रत्येक शहराने व परगण्याने ठरवायचे असल्याने राज्यातील स्थिती विषम आहे.

नेव्हाडा: विक्री १ जुलै २०१७ रोजी सुरू झाली. सार्वजनिक जागी सेवन केल्यास ६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. लास व्हेगास पायूट या आदिवासी जमातीने आपल्या सार्वभौम भूमीवर २०१९ मध्येच सेवनगृह उघडले होते. राज्याने २०२१ मध्ये सेवनगृहांचा कायदा केला आणि राज्याचा परवाना मिळालेले पहिले सेवनगृह फेब्रुवारी २०२४ मध्ये लास व्हेगासमध्ये सुरू झाले.

कॅलिफोर्निया: विक्री १ जानेवारी २०१८ रोजी सुरू झाली. सेवनगृहांना अनुमती देण्याचा अधिकार स्थानिक शासनांकडे आहे. वेस्ट हॉलिवूड येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये गांजाचे पहिले उपाहारगृह उघडले. १ जानेवारी २०२५ पासून अशा जागांना ताजे खाद्यपदार्थ विकण्याची व संगीताचे कार्यक्रम करण्याची मुभा मिळाली.

न्यू यॉर्क: २०२१ च्या कायद्याने, काही अपवाद वगळता, जेथे तंबाखूचे धूम्रपान चालते तेथे गांजाचे धूम्रपानही वैध ठरविले. त्यामुळे येथील पर्यटकाची अडचण इतर राज्यांच्या तुलनेत कमी आहे. वाहनात मात्र सेवनास बंदी आहे.

रस्त्याने प्रवास

राज्यांच्या सीमा: एका राज्यात वैधपणे घेतलेला गांजा दुसऱ्या राज्यात नेणे हा संघीय गुन्हा आहे. दोन्ही राज्यांत गांजा वैध असला तरी हा नियम बदलत नाही. वॉशिंग्टन आणि ओरेगन यांच्या पूर्वेस असलेल्या आयडाहोत कोणत्याही प्रमाणात गांजा बाळगणे गुन्हा असून ३ औंसांपेक्षा अधिक साठा गंभीर गुन्ह्यात मोडतो. कॉलोराडोच्या शेजारील वायोमिंग, नेब्रास्का आणि कॅन्सस या राज्यांनीही वैद्यकेतर वापर वैध केलेला नाही. कॉलोराडोतून होणाऱ्या आवकीमुळे आपल्या पोलीस यंत्रणेवर ताण पडतो, अशी तक्रार करून नेब्रास्का व ओक्लाहोमा यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करण्याची अनुमती मागितली. मार्च २०१६ मध्ये न्यायालयाने ती नाकारली.

वाहन: गांजाच्या अमलाखाली वाहन चालविणे सर्व राज्यांत गुन्हा आहे. कॉलोराडोत रक्ताच्या दर मिलिलिटरमध्ये टीएचसी या मादक घटकाचे ५ नॅनोग्रॅम आढळल्यास चालक अमलाखाली होता असे अनुमान काढण्यास न्यायालयास मुभा आहे. वॉशिंग्टनमध्ये हे प्रमाण स्वतःच गुन्हा ठरते. टीएचसी शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने हे मापन मद्याच्या मापनाइतके विश्वसनीय नाही, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला आहे. कॅलिफोर्नियात चालकाबरोबरच सहप्रवाशालाही चालत्या वाहनात गांजा ओढण्यास मनाई आहे. तेथे उघडे वेष्टन गाडीत बाळगणेही दंडनीय आहे.

संघीय भूमी: रॉकी माउंटन, योसेमिटी, जोशुआ ट्री, ग्रँड कॅन्यन यांसारखी राष्ट्रीय उद्याने तसेच राष्ट्रीय वने ही संघीय भूमी असल्याने तेथे संघीय कायदा चालतो. या उद्यानांतील विश्रामगृहे व तंबूतळ त्यामुळे कधीही गांजा-अनुकूल असू शकत नाहीत. संघीय कायद्यानुसार पहिल्या वेळी केवळ बाळगण्याच्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १,००० डॉलर दंड अशी तरतूद आहे. पश्चिमेकडील राज्यांत संघीय भूमीचे प्रमाण मोठे असल्याने एकाच दिवसाच्या प्रवासात प्रवासी अनेकदा तिच्या हद्दीत शिरतो व बाहेर पडतो.

आरोग्य आणि सुरक्षितता

धूम्रपानास मनाई असलेल्या निवासांत पर्यटक बहुधा गांजायुक्त खाद्यपदार्थांकडे वळतात, कारण त्यांचा धूर वा वास येत नाही. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. खाल्लेल्या गांजाचा परिणाम सुरू होण्यास मात्र अर्धा ते दोन तास लागू शकतात आणि तो अनेक तास टिकतो. काहीच होत नाही असे समजून पुन्हा खाणे हे अतिसेवनाचे प्रमुख कारण आहे.

मार्च २०१४ मध्ये घडलेल्या एका घटनेने या धोक्याकडे लक्ष वेधले. वायोमिंग राज्यात शिकणारा १९ वर्षांचा एक परदेशी विद्यार्थी सुटीत मित्रांसह डेन्व्हरला आला होता. मित्राने विकत आणलेल्या गांजायुक्त बिस्किटाचा तुकडा त्याने खाल्ला. अर्धा ते एक तास परिणाम न जाणवल्याने त्याने उरलेले बिस्किटही खाल्ले. त्यानंतर त्याचे वर्तन असंबद्ध होत गेले आणि हॉटेलच्या चौथ्या मजल्याच्या सज्ज्यातून उडी घेतल्याने त्याचा मृत्यू झाला. त्या एका बिस्किटात ६५ मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या साडेसहा मात्रा होत्या. संघीय रोग नियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये या घटनेचा अहवाल प्रसिद्ध केला.

२०१४ च्याच जूनमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांनी डेन्व्हरच्या हॉटेलात गांजायुक्त चॉकलेट खाल्ल्यानंतर आलेला भीतिदायक अनुभव लिहिला आणि त्यावर देशभर चर्चा झाली. पुढे कॉलोराडोने प्रत्येक मात्रा १० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित व वेगळी ओळखू येईल अशी ठेवणे बंधनकारक केले. एका वेष्टनातील कमाल प्रमाण १०० मिलिग्रॅम ठरविण्यात आले. २०१६ पासून खाद्यपदार्थावरच इशारादर्शक चिन्ह उमटविणेही सक्तीचे झाले.

परदेशी नागरिक आणि विद्यार्थी

अमेरिकेचा परदेशी नागरिकविषयक कायदा पूर्णतः संघीय आहे. त्यामुळे राज्यात वैध असलेले वर्तनही परदेशी नागरिकास अडचणीत आणू शकते. गुन्हा सिद्ध झाला नसतानाही, गांजा बाळगल्याची औपचारिक कबुली अधिकाऱ्यापुढे दिल्यास देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कायम निवासाचा परवाना असलेल्यांनाही हा धोका असतो. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असल्यास हद्दपारीतून सूट आहे, परंतु परदेशातून पुन्हा प्रवेश करताना तीच सूट आपोआप लागू होत नाही. एप्रिल २०१९ मध्ये संघीय नागरिकत्व विभागाने स्पष्ट केले की, राज्याच्या कायद्यानुसार वैध असलेला गांजाशी संबंधित व्यवहारही नागरिकत्वासाठी आवश्यक ‘सद्वर्तना’च्या अटीत बाधा आणू शकतो.

विद्यापीठांनाही संघीय निधीच्या अटीमुळे आपल्या आवारात व वसतिगृहांत मनाई ठेवावी लागते. महाराष्ट्रातून व भारताच्या अन्य भागांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्यांपैकी बहुतेक जण तात्पुरत्या व्हिसावर असतात. त्यांच्या बाबतीत दुकानातील विक्रेत्याचे किंवा निवासमालकाचे आश्वासन कायदेशीर संरक्षण देत नाही.

भारतातील स्थिती

भारतात गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा कायदा लागू आहे. तो एनडीपीएस या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्यात गांजा व चरस यांवर बंदी आहे. शेंड्यांविरहित पाने, म्हणजे भांग, या व्याख्येतून वगळलेली असून तिचे नियमन राज्ये करतात. राजस्थान व उत्तर प्रदेश येथे भांगेची परवानाधारक दुकाने आहेत.

कायद्यानुसार १ किलोपर्यंतचा गांजा हे अल्प प्रमाण असून त्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २० किलोंपासून व्यापारी प्रमाण सुरू होते आणि त्यास किमान १० वर्षांची शिक्षा आहे. निवासाच्या दृष्टीने कलम २५ महत्त्वाचे आहे. आपली जागा या कायद्याखालील गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणारा मालक किंवा ताबेदार त्या गुन्ह्याच्याच शिक्षेस पात्र ठरतो. त्यामुळे गोव्यासह भारतात कोठेही गांजा-अनुकूल निवास कायदेशीररीत्या चालविता येत नाही. हा अधिनियम भारताबाहेरील भारतीय नागरिकांसही लागू असल्याचे त्याच्या पहिल्याच कलमात नमूद आहे. परदेशात विकत घेतलेले उत्पादन भारतात आणणे हा आयातीचा गुन्हा ठरतो.

अन्य देश

नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकापासून ‘कॉफीशॉप’ नावाच्या जागांत विक्री व सेवन खपवून घेतले जाते. ॲम्स्टरडॅम शहराने मे २०२३ पासून आपल्या जुन्या मध्यवस्तीतील काही रस्त्यांवर गांजा ओढण्यास बंदी केली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी संपूर्ण देशात गांजा वैध केला. तेथे राष्ट्रीय व प्रांतिक कायद्यांत अमेरिकेसारखा मूलभूत विरोध नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळल्यावर पर्यटनस्थळी अनेक दुकाने उघडली, परंतु जून २०२५ मध्ये विक्रीसाठी वैद्यकीय चिठ्ठी बंधनकारक करण्यात आली.

मतभेद

समर्थकांच्या मते, विक्री वैध करून सेवनाच्या जागा नाकारल्यास लोक रस्त्यावर, उद्यानांत किंवा गाडीत सेवन करतात आणि त्याचा उपद्रव अधिक होतो. भाडेकरू, शासकीय गृहयोजनांतील रहिवासी आणि पर्यटक यांना स्वतःचे घर नसल्याने वैधतेचा लाभ केवळ घरमालकांना मिळतो, असाही त्यांचा युक्तिवाद आहे. विरोधकांमध्ये सार्वजनिक आरोग्य संघटना प्रमुख आहेत. बंदिस्त जागेतील धूम्रपानबंदी अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी साध्य झाली असून गांजासाठी सवलत दिल्यास ती शिथिल होईल, कर्मचाऱ्यांना पराधीन धुराचा त्रास होईल आणि सेवनानंतर वाहन चालविण्याचे प्रकार वाढतील, असे त्यांचे म्हणणे आहे. निवासातच सेवन केल्याने पर्यटकास वाहन चालवावे लागत नाही, हे समर्थकांचे त्यावरील उत्तर होय. हा वाद बहुतेक राज्यांनी स्थानिक शासनांवर सोपविला आहे. परिणामी एकाच महामार्गावरील दोन शेजारच्या गावांत परस्परविरोधी नियम असू शकतात.